मशिनात काय भरलंय

“तुला त्या दिवशी रजा देते,” डॉ. पाटणकर म्हणाल्या. “सकाळी पिशव्या हलवून झाल्या की तू घरी जा. मशीन चालू झालं की मी फोन करीन.”

“नको मॅडम. थांबते मी.”

“महानंदा, पाइप कापायचेत. वेल्डिंगची टॉर्च लावायचीय. आणि जो नवा गॅस भरायचाय तो...” त्या जरा अडखळल्या. “तो थोडा जळणारा आहे. शेगडीच्या गॅससारखा नाही. सहजासहजी पेटत नाही, पेटला तरी हळू जळतो. पण जळतो.”

“चालेल,” मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काही उमटतंय का ते त्या बघत होत्या. त्या दिवसांत सगळेच बघायचे. काही उमटत नव्हतं.

मिरजेतल्या एका रक्तपेढीत मी तेव्हा तंत्रज्ञ होते आणि डॉ. पाटणकर तिथल्या प्रमुख. रक्त तपासायचं, गट लावायचा, पिशव्या कोल्डरूममध्ये ठेवायच्या, मागणी आली की काढून द्यायच्या. ती कोल्डरूम जुनी होती आणि हल्ली नीट थंड होईनाशी झाली होती. तिच्या मशिनातला गॅस आता मिळेनासा झाला होता, कारण तो हवेत गेला की उन्हाळा वाढवतो म्हणून सगळीकडे बंद होत चालला होता. नवी खोली बांधायची ऐपत रक्तपेढीची नव्हती. म्हणून तीच खोली, तेच कॉम्प्रेसर, त्यात थोडे बदल करून नवा, कमी त्रासाचा गॅस घालायचा असं ठरलं होतं.

“आणि काम कोण करणार?” मी विचारलं.

“पुण्याहून माणसं बोलावणार होते मी. पण परवा दस्तगीर स्वतःच आला. म्हणाला, हे मशीन मीच उघडणार, दुसऱ्या कुणाला देऊ नका. तुला माहीत नव्हतं?”

मला माहीत नव्हतं.

दस्तगीर मुजावर आणि माझे यजमान गुरुपाद तेरदाळे, दोघं मिळून फ्रिज-एसीची कामं करायचे. सांगली-मिरजेत त्यांना सगळे जोडीनंच ओळखायचे. एप्रिलमधे, ऐन लग्नसराईत, एका मंगल कार्यालयाचा जुना एसी प्लँट बंद पडला. गुरुपाद तो उघडायला गेले. त्या मशिनात आधी कुणीतरी जुन्या गॅसऐवजी पेटणारा गॅस भरून ठेवला होता. नव्या घरगुती फ्रिजमध्ये चिमूटभर घालतात तो. त्याला वास नसतो. मशिनावर कसली चिठ्ठी नव्हती, काही लिहिलेलं नव्हतं. ह्यांनी जुनाच गॅस समजून तो बंद खोलीत सोडला आणि टॉर्च पेटवली.

दस्तगीर तेव्हा खाली टेम्पोपाशी होता.

आमच्यात दहन करत नाहीत. बसवून मातीत ठेवतात. गुरुपादांना बसवता आलं नाही. एवढंच सांगते.

तो गॅस कुणी भरला होता ते शेवटपर्यंत सापडलं नाही. कार्यालय मधे विकलं गेलं होतं, जुना मॅनेजर हुबळीला निघून गेला होता. पोलिसांनी चार लोकांना विचारलं आणि सोडून दिलं. सासूबाईंना आम्ही घरी कानडीतलं अत्ती म्हणायचो. अत्ती रोज सकाळी अंघोळ करून लिंगपूजेला बसायच्या आणि उठल्या की त्या माणसाला शिव्या द्यायच्या. त्याच्या हाताला किडे पडोत, त्याच्या बायकोला माझ्या सुनेसारखं बसावं लागो. मी शेजारी कणीक मळत ऐकायचे. माझ्या मनात तेही येत नव्हतं. मी कामावर जायचे, परत यायचे. लोक म्हणायचे, मोठी धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता. एखाद्या खोलीतलं सगळं सामान कुणी उचलून नेल्यावर ती जशी असते, तशी मी होते.

*

कामाच्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्या पिशव्या बर्फाच्या पेट्यांत भरून शेजारच्या इस्पितळात पाठवल्या. त्यांनी जागा दिली होती, पण संध्याकाळपर्यंतच. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे मोठी ऑपरेशनं होती. म्हणजे दिवस मावळायच्या आत मशीन सुरू होऊन खोली थंड व्हायलाच हवी होती.

दस्तगीर टेम्पो घेऊन आला. एप्रिलनंतर मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. मातीला आला होता तेव्हा त्याच्या भुवया जळलेल्या होत्या, ह्यांना बाहेर ओढायला आगीत शिरला होता म्हणून. आता आल्या होत्या, पण विरळ. माणूस वाळला होता.

“वहिनी, तुम्ही?” तो दारातच थांबला. “मॅडम म्हटल्या होत्या तुम्ही रजेवर हाय म्हणून.”

“नाही घेतली रजा.”

“बरं न्हाई ते. धूर असतोय, वास असतोय. तुम्ही घरी जावा. मी झाल्यावर येऊन सांगतो.”

“भावजी, कोल्डरूमची जबाबदारी माझी आहे. तुम्ही काम करा. मी बसते.”

मी कोल्डरूमच्या दाराशी स्टूल टाकून बसले. तो बराच वेळ नुसता सामान काढून मांडत राहिला. नायट्रोजनची टाकी, प्रेशरची घड्याळं, नवा पंखा, नव्या गॅसचा लाल पट्ट्याचा सिलिंडर, भिंतीवर लावायचा गळती ओळखणारा डबा. एकेक वस्तू ठेवायचा आणि माझ्याकडे बघायचा.

“चहा घेऊन येता का वहिनी, कोपऱ्यावरनं?”

“शिपायाला सांगते.”

“शिपाई नको. त्याला साखर कळत न्हाई.”

हा माणूस मला इथून घालवायला बघतोय, एवढं मला समजलं. का, ते समजलं नाही. मला वाटलं, माझ्यासमोर टॉर्च लावायला त्याला जड जात असेल.

मग त्यानं आधी विजेचं काम घेतलं. ठिणगी पडू शकेल अशी सगळी बटणं, रिले खोलीच्या बाहेर न्यायची होती. जळणारा गॅस वापरायचा तर हे पहिलं. काम करता करता तो मला समजावत होता. बहुतेक शांतता नको म्हणून. “हा नवीन गॅस तसा गरीब हाय वहिनी. खोलीत बराच साठल्याशिवाय पेट घेत न्हाई. म्हणून हा डबा लावायचा. थोडा जरी गळला तरी डबा वरडतोय, पंखा आपोआप सुरू हुतोय, मशीन बंद पडतंय. सगळं नीट लावलं तर भ्यायचं कारण न्हाई.”

“आतल्या दिव्याचं बटण?” मी विचारलं.

तो वायर सोलत राहिला.

“ते आधीच बाहेर आहे,” मीच म्हटलं. “ह्यांनी घेतलं होतं. जानेवारीत. एका रविवारी येऊन बसवून गेले. खालच्या बाजूला ती जाळीही पाडली भिंतीत. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, आत दमट असतं, बटणाला शॉक येईल तुला.”

दस्तगीरनं पकड खाली ठेवली.

जानेवारीत दोघं पुण्याला गेले होते. नव्या गॅसचं शिक्षण घ्यायला. जळणारे गॅस कसे हाताळायचे, मशिनं कशी बदलायची. आल्यावर लगेचच्या रविवारी ह्यांनी ते बटण बाहेर घेतलं होतं. पण तेव्हा तर आमच्या मशिनात जुनाच गॅस होता. न जळणारा. मग बटण बाहेर घ्यायची घाई कशाला?

हे सगळं त्या क्षणी मनात एका ओळीत आलं असं नाही. मी फक्त विचारलं, “भावजी, मशिनात काय भरलंय?”

“वहिनी, तुम्ही बाहेर जाऊन बसा.”

“काय भरलंय?”

त्यानं पिशवीतून हातभर लांब नळीचं यंत्र काढलं, गॅस हुंगणारं. मशिनाच्या एका टोपणाला वेगळी लांब नळी जोडली आणि तिचं दुसरं टोक खिडकीबाहेर, पार अंगणात सोडलं. शिपायाला म्हणाला, इकडं कुणी विडी ओढत येऊ नये, बघ. मग यंत्र नळीच्या तोंडाशी धरून टोपण जरासं सैल केलं.

यंत्र ओरडलं. रिक्षा मागं घेताना वाजते ना, तसं. थांबेचना.

त्यानं टोपण बंद केलं. यंत्रही गप्प झालं.

“कुणी भरला?” मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं. तरी विचारलं.

“गेल्या वर्षीच्या मे महिन्यात,” दस्तगीर जमिनीकडं बघत म्हणाला. “मशीन बसलं होतं बघा तुमचं. बेचाळीस अंश ऊन. जुना गॅस सांगलीत न्हाई, कोल्हापुरात न्हाई. मॅडम रडकुंडीला आल्या होत्या. एवढं रक्त, टाकून द्यायला लागेल म्हणून. गुरुपाद म्हणाला, आता चालू करून देऊ, पाऊस पडला की काढून टाकू. फ्रिजचा गॅस हाय, थंड तर हुतंयच.”

“आणि तुम्ही?”

“मी सिलिंडर धरला होता.”

“मॅडमना माहीत आहे?”

“न्हाई. कुणाला सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर मॅडमनी भरू दिला असता का?”

“मग पाऊस पडला. काढला का नाही?”

“कामं असतात वहिनी. आज करू, उद्या करू. चालतंय म्हटल्यावर कोण हात लावतंय. पण पुण्यात आम्हाला दाखवलं त्यांनी, हा गॅस कसा पेटतो ते. काचेच्या खोलीत. गुरुपाद त्या रात्री जेवला न्हाई. येताना बसमध्ये म्हणाला, दस्तगीर, सगळ्यात आधी ती मशिनं मोकळी करायची. दोन केलीही. मग लगीनसराई आली.”

“ती मशिनं म्हणजे? अजून आहेत?”

तो यंत्र पुसायला लागला.

“किती आहेत भावजी?”

“हायत काही. त्या उन्हाळ्यात सगळेच दारात येऊन उभे राहायचे. गुरुपादला न्हाई म्हणता यायचं न्हाई, तुम्हाला ठाऊक हाय.”

मी स्टुलावरून उठले. कोल्डरूमचं दार उघडं होतं. आत रिकाम्या फळ्या. दीड वर्ष मी रोज त्या खोलीत जात-येत होते. गॅस थोडा थोडा गळत असणारच, त्याशिवाय मशीन इतकं कमजोर झालं नसतं. माझ्या नवऱ्याला ते माहीत होतं. म्हणून त्यानं रविवार खर्चून माझ्यासाठी बटण बाहेर घेतलं, गॅस जायला भिंतीत जाळी पाडली. एवढी काळजी घेतली. आणि तोंड उघडून एक वाक्य सांगितलं नाही.

“त्या कार्यालयातला,” मी विचारलं, “तोही ह्यांनीच...?”

“न्हाई! अल्लाची शपथ, न्हाई. ते आमचं गिऱ्हाईकच नव्हतं. पहिल्यांदाच गेलो होतो. मी हे यंत्रच आणायला खाली गेलो होतो वहिनी. म्हटलं थांब, हुंगून बघू. तो म्हणाला, अरे वऱ्हाड दारात आलंय. थांबला न्हाई.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “कुणी भरला ते देवाला ठाऊक. असेल कुणीतरी. गुरुपादसारखाच. कुणाचं तरी लग्न अडलं असेल.”

अत्ती रोज ज्याला शिव्या द्यायच्या त्याला मी कधी चेहरा दिला नव्हता. आता त्याला चेहरा आला. मला ओळखीचा.

मला रडू आलं नाही. रागही आला नाही. अंगणात कुणीतरी मोटरसायकल सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती, तेवढं मी ऐकत राहिले.

“गॅस काढा,” मी म्हटलं. “नीट काढा. वेळ जातोय.”

*

त्यानं लांब नळीनं तो गॅस हळूहळू अंगणात, मोकळ्या हवेत सोडला. मी फाटकाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला दुसऱ्या बाजूनं पाठवत होते. मग नायट्रोजन सोडून पाइप आतून धुतले, एकदा, परत एकदा. यंत्र लावून बघितलं. गप्प. खोलीत बघितलं, जाळीपाशी बघितलं. गप्प. जुनं तेल काढून नवं घातलं.

मग पाइप जोडायची वेळ आली. त्यानं टॉर्च हातात घेतली आणि लायटर घेतला. आणि तसाच उभा राहिला. लायटर वाजवायचा, पण अंगठा मधेच थांबायचा. त्याच्या कपाळावरून घाम निथळायला लागला.

“एप्रिलपासनं लावली न्हाई,” तो म्हणाला. “वॉशिंग मशिनची कामं करतोय नुसती.”

“मग हे का घेतलंत?”

“दुसरा कुणी उघडायला आला असता तर? त्याला कुठं ठाऊक, आत काय हाय ते.”

मी त्याच्या हातातून टॉर्च घेतली. लग्न झाल्यावर सुरुवातीला आमच्याच परसात ह्यांचं वर्कशॉप होतं. दुसरा हात हवा असला की हे मला हाक मारायचे. मी तेव्हा टॉर्च धरायला शिकले होते. लायटर वाजवला. ज्योत पिवळी आली, मग ऑक्सिजन वाढवला तशी निळी झाली. दस्तगीर पाठ करून भिंतीला टेकला होता.

“कुठं?” मी विचारलं.

त्यानं वळून बोट दाखवलं. मी तांबं लाल होईपर्यंत तापवलं, त्यानं काडी लावली, ती वितळून सांध्यात उतरली. पुढचा सांधा. त्याच्या पुढचा. हात अजिबात थरथरला नाही. त्यात शौर्य काही नव्हतं. मला त्या ज्योतीचं काही वाटतच नव्हतं.

दुपारनंतर नवा गॅस भरला. डबा तपासला, तो ओरडला, पंखा फिरला, मशीन आपोआप बंद पडलं, जसं व्हायला हवं तसं. परत सुरू केलं. खोलीचं तापमान हळूहळू उतरायला लागलं. दस्तगीरनं मशिनावर, दारावर, पाइपांवर लाल चिठ्ठ्या चिकटवल्या. कोणता गॅस, किती, जळणारा आहे, कधी भरला, कुणी भरला.

“वहिनी,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “आता मशीन चोख झालंय. जुनं काही राहिलं न्हाई. मॅडमना सांगायचं काय कारण न्हाई. मेलेल्या माणसाचं नाव. माणसं उलटसुलट बोलतील.”

“बाकीची मशिनं?”

“मी करतो एकेक करून. सर्व्हिसिंगच्या नावानं.”

“तोवर कुणी दुसऱ्यानं उघडलं तर?”

त्यानं उरलेल्या चिठ्ठ्या खिशात घातल्या. मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं.

डॉ. पाटणकरांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाल्या, “त्या आठवड्यात एक बाळंतीण होती. तासगावची. तिला आपल्याच पिशव्या दिल्या होत्या. तिची मुलगी आता चालते.” पुढं म्हणाल्या, “मी गुरुपादना म्हटलं होतं, काहीही करा पण मशीन चालू करा. काय केलं, ते मी विचारलं नाही. मला विचारायचं नव्हतं.”

“बाकीच्यांना सांगायला जाणार आहे मी,” मी म्हटलं.

“तू? दस्तगीर जाईल ना.”

“त्यांचं कुणी ऐकणार नाही. लोक म्हणतील, स्वतः सुटला आणि मेलेल्यावर ढकलतोय.”

दिवस मावळायच्या आत पिशव्या परत आणून खोलीत लावल्या आणि घरी जाऊन अत्तींनाही सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. सगळं ऐकेपर्यंत त्यांचा हात थांबला नाही. मग ताट बाजूला सारून म्हणाल्या, “म्हणजे आता मी कुणाला बोलू?” आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. पुढं कितीतरी दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. सकाळच्या शिव्या मात्र त्या दिवसापासून बंद झाल्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दस्तगीरच्या टेम्पोतून आम्ही जयसिंगपूरला गेलो. दस्तगीरनं सांगितलेल्या गिऱ्हाइकांत पहिलं नाव चौगुल्यांचं होतं. बाळगोंडा चौगुले. स्टँडजवळ त्यांचं आइस्क्रीमचं दुकान, मागं शीतखोली. कॉलेजची पोरंपोरी टेबलांवर बसली होती.

मी कोण ते कळल्यावर चौगुले गल्ल्यावरून उठून आले. खुर्ची पुसून दिली. “ताई, तुमच्या मालकांसारखा माणूस नाही. त्या उन्हाळ्यात माझं सगळं दुकान पाण्यात गेलं असतं. एका हाकेला धावून आले. मशीन बघा अजून कसं चालतंय.”

“ते बंद करायला लागेल,” मी म्हटलं. “त्यात पेटणारा गॅस आहे.”

ते हसले. मग दस्तगीरकडं पाहिलं. दस्तगीरनं मान हलवली.

“कसं शक्य आहे? गुरुपादनं भरलाय तो. माझ्यासमोर भरलाय.”

“त्यांनीच भरलाय. पेटणारा.”

“ताई, तुम्हाला कुणीतरी चुकीचं सांगितलंय.” आता त्यांचा चेहरा बदलला होता. “हा दस्तगीर सांगतोय का? त्या माणसाचं नाव घेऊन असं बोलू नये. तो असं करणाराच नव्हता. त्याला माहीत असतं तर त्यानं मला सांगितलं नसतं? माझी पोरं खेळतात इथं मागं.”

“नाही सांगितलं.”

“सांगितलं असतं. देवमाणूस होता.”

“नाही सांगितलं त्यानं!” मी ओरडले. “त्याला माहीत होतं! पुण्याला जाऊन बघून आला होता डोळ्यांनी! मी रोज त्या खोलीत जात होते, मी, त्याची बायको, मला नाही सांगितलं, तुम्हाला कशाला सांगेल? बटण बाहेर घेतलं! बटण! तोंड काय शिवलं होतं त्याचं?”

दुकानात चमच्यांचा आवाज थांबला होता. चारचौघांत मी माझ्या नवऱ्याला अरे-तुरे करत होते, जे मी घरातही कधी केलं नव्हतं, आणि मला थांबता येत नव्हतं. काय काय बोलले सगळं आठवत नाही. तू सगळ्यांना हो म्हणत गेलास, मला सोडून सगळ्यांना, असं काहीतरी म्हणत होते, समोर चौगुले उभे असताना. दस्तगीरनं कॉलेजच्या पोरांना हळूच बाहेर काढलं. चौगुल्यांची बायको मागच्या दारातून आली आणि तिनं मला दोन्ही खांद्यांना धरून बाकावर बसवलं.

चौगुले आत गेले, मेन स्विच पाडला, मागच्या अंगणातल्या मुलांना आजोळी पाठवलं. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येत नाही, कारण मी झोपले. त्या बाकावर, भर दुपारी, परक्या माणसांच्या दुकानात, तोंड उघडं टाकून. मागं दस्तगीर गॅस सोडत होता, यंत्र ओरडत होतं, चौगुले आइस्क्रीमचे डबे शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये पोचवत होते. मला कशाचीही जाग आली नाही.

पुढं व्हायचं ते झालं. आम्ही गेलो तिथं तिथं बातमी आमच्या आधी पोचायला लागली. गुरुपाद तेरदाळे आपल्याच करणीनं गेला, असं मिरजेत म्हणू लागले. कार्यालयातला गॅसही त्यानंच भरला होता, असंही म्हणू लागले, आणि ते खोटं आहे हे मी किती जणांना सांगणार होते. काहींनी दार उघडलं नाही. एकानं कुत्रं सोडलं. बाकीच्यांनी मशिनं उघडू दिली, त्यांतली काही नव्या गॅसवर घेतली, काही भंगारात गेली. कुणालाही काही इजा झाली नाही. आज इतक्या वर्षांनी दस्तगीर आणि मी मिळून हेच काम करतो. लोक आम्हाला बोलावतात. कधी कधी ते जुनं नावही घेतात, आणि मी ऐकून घेते.

पण त्या दिवशी मला यातलं काही माहीत नव्हतं. जाग आली तेव्हा ऊन कललं होतं. अंगावर कुणीतरी चादर घातली होती. चेहरा रडून सुजलेला जाणवत होता. म्हणजे झोपेत किंवा त्याआधी मी रडले असणार. दस्तगीर पायरीवर बसून हात पुसत होता.

“झालं?” मी विचारलं.

“झालं. मोकळं झालं.”

“आता कुठं?”

“आता घरी वहिनी. दमलाय तुम्ही. उद्या बघू.”

“उद्या नको. कुठं आहे पुढचं?”

“कुपवाडला,” तो म्हणाला. “पण तो माणूस जरा तापट हाय.”

मी चादरीची घडी करून बाकावर ठेवली आणि चप्पल घातली.